रेकॉर्डला मुलगी नाही

त्या वर्षांत आमच्याकडे बायकांना सहीला बोलावण्याची लाटच आली होती. भिवंडीपासून पडघ्यापर्यंत शेतांवर गोदामं उभी राहत होती, आणि जमिनी घेणाऱ्यांचे वकील हुशार झाले होते. नुसत्या भावांच्या सह्यांवर त्यांचं भागत नसे. बहिणींनी हक्क सोडल्याचा कागदही लागे. मग ज्यांची माहेरी वर्षानुवर्षं कुणी विचारपूस केली नव्हती अशा बायका गाडी पाठवून आणल्या जात. नोंदणी कचेरीत त्यांचा फोटो निघे, अंगठा घेतला जाई. दुपारी हॉटेलात जेवण आणि निघताना साडी. पुढे महिनाभर त्या बाया दुसरं काही बोलत नसत.

मला या सगळ्या प्रकाराचा संताप यायचा. बापाची जमीन एका साडीवर सोडायची आणि वर मिरवायचं! मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका दिसल्या की मला गप्प बसवत नाही. पण आईला त्यात चूक दिसत नव्हती. तिला तो मान वाटे. भावानं सहीला बोलावलं याचा अर्थ माहेरी आपण अजून धरलेल्या आहोत, एवढा साधा तिचा हिशेब होता. आणि ती आपल्या बोलावण्याची वाट बघत होती.

आम्ही तेव्हा धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत राहायचो. खाली लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि वर आमच्या दोन खोल्या. मी लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली ती कायमचीच. लूमच्या आवाजामुळे आम्ही दोघी घरात ओरडून बोलायचो. लोडशेडिंग झालं की लूम एकदम थांबत आणि आमचं शेवटचं वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू जाई.

आईची एक चुलतबहीण कोन गावात दिलेली होती. तिला भावांनी सहीला नेलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती शेअर रिक्षानं आमच्याकडे साडी दाखवायला हजर. साडी काही फार बरी नव्हती. मावशीनं अंगठा दिला होता आणि बोटाला शाई लागल्याची तक्रार ती कौतुकानं करत होती. आई सगळं ऐकून घेत होती. मावशी गेल्यावर ती मला म्हणाली, "मी अंगठा न्हाय देनार. मी सही करनार."

आई शाळेत गेलेली नव्हती. त्या आठवड्यापासून ती माझ्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर स्वतःचं नाव गिरवू लागली. तिला अक्षर छान वळे. आडनावाशी मात्र ती दर वेळी अडे. ठेवणीतलं एक निळं लुगडं तिनं इस्त्रीला टाकून आणलं आणि वेगळं काढून ठेवलं. माझ्या वर्गातली मुलं सहलीच्या आदल्या दिवशी जशी बॅग भरून बसतात तशी ती बसली होती.

बोलावणं आलं नाही. पडघ्याच्या रस्त्यावरून आत, आईच्या माहेरी, तिच्या एकुलत्या एका भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या, शेताभोवती भिंत उभी राहिली तेव्हा आम्हाला कळलं की व्यवहार होऊन गेला आहे.  पुढे माहेरच्या एका हळदीला आम्ही गेलो, मांडवात सगळी जेवायला बसली होती, आणि तिनं भावाला सगळ्यांसमोर विचारलं, "माजी सही कशी न्हाय लागली रे?"

मामा मनानं वाईट माणूस नाही. त्यानं तिच्या ताटात वडा वाढला आणि हसत म्हणाला, "अगो वकिलानी समदा रेकॉर्ड काढला. रेकॉर्डला मुलगीच न्हाय बोलला. बरा झाला ना, तुजा खेटा वाचला."

सगळे हसले. आईही हसली.  घरी जिना चढताना ती अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, "मी न्हाय?"

तिला जमीन नको होती, हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे अनेकांनी उलटंच धरलं. तिला ती सोडायची होती. पण सोडायची तर आधी आपली असायला हवी आणि त्यासाठी आपण बापाची मुलगी म्हणून कुठेतरी लिहिलेलं असायला हवं, एवढं तिला नीट कळत होतं. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. मला वाटलं, एकदा हिचं नाव लागू दे, मग बघते हिला कोण साडीवर बोळवतो ते. असे आम्ही दोघी दोन वेगळ्या कारणांनी एकाच कामाला लागलो.

पहिल्यांदा मी त्या गावच्या तलाठ्याकडे गेले आणि आजोबा वारल्यानंतरच्या वारस नोंदीची नक्कल मागितली. नक्कल मिळाली. वारस म्हणून आजी आणि मामा, बस्स. तलाठ्यानं सांगितलं, "तुमच्या आईचं नाव चढवायचं तर त्या मयताची मुलगी असल्याचा पुरावा आणा. शाळेचा दाखला चालेल." मी म्हटलं, शाळा नाही. "मग जन्माची नोंद आणा. तहसीलला मिळेल." तो एवढं बोलला आणि लाइट गेली, त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. माझ्या मागे सातबाऱ्यासाठी उभा असलेला माणूस मटकन खाली बसला.

तहसील कचेरीत मी अर्ज दिला, वर कोर्ट फीचा स्टॅम्प चिकटवला. उत्तर मिळालं, उद्या या. उद्या गेले तर साहेब मीटिंगला. परवा गेले तर ज्या टेबलावर अर्ज दिला होता ते टेबलच दुसऱ्या खोलीत हलवलेलं. मी रागावले की माझा आवाज चढतो, आणि लूमवर राहिल्यामुळे तो आधीच चढलेला असतो. तिथल्या एका कारकुनानं मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, ओरडू नका, माहितीच्या अधिकारात टाका." तो कायदा तेव्हा नवीनच आला होता. कचेरीच्या भिंतीवर माहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी लागली होती, पण त्या अधिकाऱ्याची बदली होऊन गेली होती. मी अर्ज टाकला.

उत्तर मुदतीत आलं, हे मान्य केलं पाहिजे. त्यात लिहिलं होतं की मागितलेली नोंद कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "म्हंजी मी जल्मलीच न्हाय?" मी म्हटलं, "जन्मलीस, पण लिहिली नाहीस." हे मी जरा तोडूनच म्हटलं. तिनं उत्तरपत्रिकांच्या मागे नाव गिरवणं त्या दिवसापासून बंद केलं.

मग मी आणखी एक अर्ज केला: नोंद तुम्ही शोधू नका, मला वह्या बघू द्या. तसा अधिकार असतो, हे मला त्याच पाटीवर बारीक अक्षरात सापडलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मला अभिलेख कक्षात बसायची परवानगी मिळाली.

तिकडे जाण्याआधी आईच्या जन्माबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आईच्या आधी आजीची मुलं जगत नव्हती. मूल व्हायचं, आणि पाचवीच्या पूजेच्या आधी नाहीतर नंतर जायचं. त्या मुलांना नावंच नव्हती. आई त्यांना नुसतं 'आधीची' म्हणायची. म्हणून आई झाली तेव्हा सुईणीच्या सांगण्यावरून तिला विकलं. सुपात घालून घराच्या मागच्या दारानं गावच्या कोतवालाच्या बायकोच्या हातात दिलं, आणि तिन्हीसांजेला सूपभर तांदूळ देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. मूल आता दुसऱ्याचं झालं, या घरात न्यायला येणाऱ्याला ते सापडणार नाही, अशी ती समजूत. ही रीत बहुतेक मुलग्यासाठी करत. मुलीसाठी एवढं का केलं, असं मी लहानपणी विचारायची. आई म्हणायची, "तवा आजाला तुज्या जगनारा काय बी चालला असता." आई जगली, तिच्यानंतर मामा झाला, तोही जगला. माहेरी आईला अजून लाडानं 'विकलेली' म्हणत, आणि प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी तिला तांदळाचा भाव विचारी.

अभिलेख कक्षात फडक्यात बांधलेली गाठोडी छतापर्यंत रचलेली होती. तिथल्या अभिलेखपालानं माझ्यासमोर आईच्या गावाचं गाठोडं ठेवलं, पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं पानांचे तुकडे उडतात, आणि तो सुपारी कातरत बसला. आईचं जन्मसाल कुणालाच माहीत नव्हतं. पण कोनची मावशी तिच्यापेक्षा एका पावसाळ्यानं धाकटी, हे दोघींना पक्कं माहीत होतं, आणि मावशीच्या जन्माची नक्कल वकिलानं तिच्या कागदांना जोडलेली होती. तिथून काही वर्षं मागे जाऊन पुढे वाचत यायचं मी ठरवलं.

जन्ममृत्यूच्या त्या वहीला लोक अजून कोतवाल बुक म्हणतात, कारण गावात कुणाकडे पाळणा हलला आणि कुणाची तिरडी उठली याची वर्दी कोतवाल द्यायचा. त्या गावच्या कोतवालाला लिहिता येत असल्यानं नोंदही तोच करी. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख. बाळाचं नाव त्यात नसे. अक्षर गोल आणि ठसठशीत होतं, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा बरं. मला आजोबांचं नाव सापडलं. मुलगा. थोडी पानं उलटून मृत्यूच्या रकान्यांत पुन्हा आजोबांचं नाव, मुलगा. मग मुलगी, आणि मग मुलगी गेल्याची नोंद. पुन्हा एक मुलगा, त्याच्या दोन्ही नोंदी एकाच पानावर. म्हणजे 'आधीची' सगळी तिथे होती. ज्यांना नावं नव्हती, ज्यांचा फोटो नव्हता, ज्यांच्यासाठी कुणी कधी पानावर घास काढला नाही, ती सगळी रेकॉर्डला होती.  मी पंखा लावायला सांगितला, अभिलेखपाल नाही म्हणाला.

मावशीच्या जन्माच्या आधीच्या पावसाळ्यात आजोबांच्या नावावर काहीच नव्हतं. मी दोनदा पाहिलं. कारकुनानं दिलेलं उत्तर बरोबर होतं, आणि याचाच मला जास्त राग आला. वही मिटायला घेतली तेव्हा मघाशी ओलांडून गेलेली एक ओळ पुन्हा नजरेखाली आली. बापाच्या रकान्यात कोतवालाचं स्वतःचं नाव, पुढे त्याची जात, मुलगी. मृत्यूच्या रकान्यांत तिची नोंद नव्हती. आणि कोतवालाला मुलगी नव्हती, हे गावातल्या कुणालाही विचारा. त्याला एकच मुलगा होता.

मी मोठ्यानं हसले. अभिलेखपालानं सुपारी कातरायची थांबवली. माझ्या आजोबांनी सुपात घालून विकण्याचं नाटक केलं ते केलंच, पण गावात लिहिलेलं म्हणून जे एकच पुस्तक होतं त्यातही ते पुरं करून ठेवलं होतं. न्यायला येणारा वाचत असेल तर हीच वही वाचत असणार, असं त्यांना वाटलं असावं. मूल त्यांनी संध्याकाळी परत घेतलं. वहीतून परत घ्यायचं मात्र राहून गेलं, किंवा भीतीपोटी कधी घेतलंच नाही.

नक्कल घेऊन मी आधी मामाकडे गेले. वाटलं, तोही हसेल. त्यानं कागद वाचला, जातीचा रकाना वाचला, आणि त्याचा चेहरा उतरला. कोतवालाच्या वस्तीतली माणसं आता बौद्ध आहेत, शिकलेली आहेत, मामाच्या पंक्तीला येऊन बसतात. पण तो म्हणाला, "ह्यो कागद भायेर काढू नको. माज्या पोरांची लग्ना व्हायची हायत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बायला सांग, दोन साड्या देतो. पन ह्यो कागद नको."

मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं असं मला वाटत नाही. तिनं विचारलं, "दोन बोलला?" आणि भाकरी थापायला घेतली.

मी एका वकिलाला गाठलं. तो म्हणाला, काम होण्यासारखं आहे, फक्त कोतवालाच्या वारसाकडून प्रतिज्ञापत्र हवं: ही नोंद आमच्या मुलीची नाही, ही बाई आमची कुणी नाही. तेवढं मिळालं की बाकीचं तो जोडून घेणार होता. मला ते सोपं वाटलं. खरं तेच तर लिहून मागायचं होतं.

रविवारी मी आणि आई वस्तीत गेलो. कोतवालाचा मुलगा एस.टी.तून निवृत्त होऊन गावातच राहत होता, आईपेक्षा थोडा धाकटा. आईला पाहून त्यानं ओटीवर चटई टाकली आणि म्हणाला, "बाय, मीच येनार होतो तुज्याकडं. बरा झाला आलीस."

मी लगेच प्रतिज्ञापत्राचं काढलं. नक्कल पुढे केली, सगळं समजावून सांगितलं, जसं पालकसभेत सांगते तसं.  माझं संपल्यावर तो म्हणाला, "लिवून देतो. त्यात काय. बायचा काम होत असंल तर लिवून देतो." मग तो आत गेला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. "पन आदी ह्यो बघा. नायतर तुमी बोलाल सांगितला न्हाय."

त्यांचा हायवेच्या कडेला जमिनीचा तुकडा होता, आणि त्यातली पट्टी रस्ता रुंद करण्यात जाणार होती. सातबाऱ्यावर वारसांची नावं होती. पहिलं त्याचं. दुसरं आईचं, सासरच्या नावानं, सगळं बरोबर, पुढे 'मयताची मुलगी' असा शेरा.

मी ती ओळ पुन्हा वाचली. आई वाचू शकत नव्हती, पण स्वतःचं नाव ती आता ओळखत होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. "ह्याच्यात माजा नाव कोनी घातला?"

"मी. बाबा वारला तवा तलाठी आलेला, वारस कोन कोन बोल बोलला. बाबानी सांगून ठेवलेला, वहीत एक मुलगी लिवलीय, ती सोडू नको. मी लिवलेला खोटा पडंल बोलायचा." तो थोडा संकोचला. "आता पट्टी जाते तर तुजी पन सही लागते. हक्क सोडल्याची. तुज्या सवडीनी. गाडी घेऊन येतो."

मी त्याला म्हटलं की ते नंतर बघू, आधी प्रतिज्ञापत्र. वकिलाच्या बोलण्यावरून मला एवढं कळत होतं की दोन्ही चालणार नाही. एका कागदावर कोतवालाची मुलगी म्हणून सही केली की आजोबांची मुलगी असल्याचा दावा संपला. हे मी आईला तिथेच, ओटीवर, नीट सांगितलं. तिनं मला बोलू दिलं. मग माझ्याकडे न बघता तिनं त्याला विचारलं, "कवा येतोस?"

घरी येईपर्यंत मी दम धरला. घरी मात्र मी आईवर जन्मात ओरडले नसेन एवढी ओरडले. महिनोन्‌महिने मी खेटे घातले, सुट्टी घालवली, आता एका कागदाचं अंतर राहिलं, आणि ती दुसऱ्याच्या तुकड्यावर सही करायला निघाली! बापाचं नाव मिळत होतं, त्याचं काय? आई ऐकत राहिली, आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा बोलली. "त्यांनी त्यांच्या घरात लिवली तवा मी वाचली. आता त्याच्या पोराकडून लिवून घेऊ, का ही आमची न्हाय? मना न्हाय जमायचा." आणि थोड्या वेळानं, "तो मना सहीला बोलवाला येनार होता. बोलावन्याआदी आपनच गेलो."

माझ्याकडे याला उत्तर होतं, कायद्याचं आणि बिनचूक. मी ते दिलं नाही. मला वाईट वाटत होतं, आणि ते आईसाठी नव्हतं. माझी लढाई आईनं माझ्या हातातून काढून घेतली म्हणून होतं.

ठरल्या दिवशी तो गाडी घेऊन नाक्यावर आला. आईनं ते निळं लुगडं नेसलं होतं. नोंदणी कचेरीत तिचा फोटो काढला. कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं तर ती तो काढणाऱ्या माणसाकडेच बघत राहिली. तिथल्या बाईनं सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. आईनं तो मागे सरकवला आणि पेन मागितलं. आडनावाशी ती अडली. मागच्या रांगेतला एकजण हिंदीत कुरकुरला, जल्दी करो अम्मा. तिनं जल्दी केली नाही. बाईनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "हे तुमचे कोण?" आई म्हणाली, "भाऊ." मग त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "मामा."

त्यानं साडी दिली, जेवायला घातलं, आणि आईनं कोनच्या मावशीकडे गाडी थांबवायला सांगितली तर हसत तीही थांबवली.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात माझा सख्खा मामा जिना चढून आला, हातात साडीची पिशवी. लोक काय बोलतायत ते त्यानं सांगितलं. मग एकदम रडवेला झाला. "मी पन तुना बोलावला असता, बाय. मना काय मायीत?" आई त्याच्यासमोर चहा ठेवत होती. ती शांतपणे म्हणाली, "तुज्या रेकॉर्डला मी कुठं हाय रे?" तो चहा प्यायला. साडी तिनं ठेवून घेतली. दिलेली साडी परत करण्याइतकी ती रागावलेली नव्हती, निदान तसं दाखवायचं नव्हतं. ती साडी तिनं कधी नेसली नाही.

वर्षभरानं मी कोतवालांच्या तुकड्याचा नवा सातबारा काढून आणला. तिनंच सांगितलं होतं, एक नक्कल आपल्याकडे असू दे. हक्क सोडल्यावर सातबाऱ्यावरचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस घालतात. आईनं बोट ठेवून नाव शोधलं आणि दोन्ही बाजूंच्या त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"ह्या काय?"

"कंस. म्हणजे नाव होतं, आता नाही."

"खोडला न्हाय ना?"

"नाही. वाचता येतं."

"मंग वाच."

खाली लूम चालू होते. मी तिचं नाव वाचलं आणि पुढचा शेरा वाचला, मयताची मुलगी. तिनं कानामागे हात धरून ऐकू आलं नाही असं दाखवलं, म्हणून मला पुन्हा, जरा मोठ्यानं, वाचावं लागलं.